प्लास्टिक कुजवणारे जिवाणू: प्रयोग फसतो कुठे? या चुका टाळा

रावेर-यावलकडे टरबूज, केळी निघाल्यावर मल्चिंग पेपर (वाफ्यावर अंथरलेलं पातळ प्लास्टिक) रानातच राहतो आणि त्यावर जिवाणूंचं कल्चर ओतून तो कुजायची वाट पाहिली जाते. तो कुजत नाही. हा पेपर बहुधा पॉलिथिनचा. त्याच्या साखळीत कार्बनला कार्बनच जोडलेला, त्यामुळे विकरांना (जिवाणूंच्या एन्झाइमना) पाण्याच्या मदतीने तोडता येईल असा दुवाच नसतो. ट्रायकोडर्मा बुरशी, जीवामृत काडीकचऱ्यासाठी उत्तम, पण पॉलिथिनवर वाया जातं.

२०१६ साली जपानमधून जाहीर झालेला ‘इडिओनेला साकायएन्सिस’ हा जिवाणू खातो ते पीईटी, म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक. तेही पातळ, कमी स्फटिकी फिल्म, ३० अंशांवर, सुमारे सहा आठवड्यांत. आख्खी बाटली त्याच्या आवाक्यातली नाही.

म्हणून आधी प्लास्टिक ओळखा. त्रिकोणात १ म्हणजे पीईटी, ४ म्हणजे हलकं पॉलिथिन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन (केळीच्या घडावरच्या स्कर्टिंग बॅगा बहुतेक याच्याच). अंक नसेल तर तुकडा साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवून सोडा. पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलीन वर येतं. पीईटी आणि पीएलए (‘कंपोस्टेबल’ पिशव्यांत वापरलं जाणारं प्लास्टिक) तळाशी बसतं.

कॉलेजच्या प्रकल्पांत सगळ्यात मोठी गफलत वजनात होते. २५ मायक्रॉनच्या पेपरचा १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा भरतो जेमतेम २३० मिलिग्रॅम. त्याला २ मिलिग्रॅम माती चिकटली, तरी जवळपास एक टक्क्याचा फरक पडतो. आधी आणि नंतर, दोन्ही वेळा तुकडा सौम्य डिटर्जंटने धुवा, ५० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, मगच तोला. जिवाणू न टाकलेला तुकडा शेजारी हवाच. नाहीतर स्टार्च किंवा इतर मिसळ धुऊन गेली, तरी ‘प्लास्टिक खाल्लं’ असं वाटतं. जिवाणू आणि तुकडा ठेवायच्या द्रावणात गूळही नको. पाणी गढूळलं तर जिवाणू गुळावर वाढलेले असतात.

‘कंपोस्टेबल’ पिशव्यांची गोष्ट वेगळी. पीएलएच्या पिशवीला ढिगाच्या पोटात ५८ ते ६० अंश टिकून राहावे लागतात. भुसावळला हवा ४५ अंशांवर गेली की ढीग आपोआप तापेल असं वाटतं. प्रत्यक्षात तो वरून वाळतो आणि जिवाणू थंडावतात. ढीग निदान एक मीटर लांब, रुंद, उंच करा. केळीच्या खोडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, ते एकटं टाकलं की ढीग चिकट होऊन आंबतो; बारीक केलेली पऱ्हाटी आणि शेण मिसळा. मूठ दाबल्यावर एक-दोन थेंब निघावेत, धार नको. धातूचा थर्मामीटर मध्यभागी खुपसून रोज तापमान बघा, उतरलं की पालटा.

‘ऑक्सो-डिग्रेडेबल’ (लवकर तुटावा म्हणून रसायन मिसळलेला) पेपर घेऊच नका. उन्हाने त्याचा चुरा होतो, आणि तो चुरा मातीतून कुणालाच वेचता येत नाही.

साधा पॉलिथिन पेपर रोटाव्हेटर फिरवण्याआधी अखंड काढा, माती झटका, वाळवा, गुंडाळी करून पुनर्वापरवाल्याकडे द्या. २५-३० मायक्रॉनचा पेपर अखंड निघतो. त्याहून पातळ घेतला तर चिंध्या रानात राहतात.