एंडोस्कोपीत काही निघालं नाही, तरी पोट बिघडलेलंच: औषध कसं निवडायचं

व्रण नाही, गाठ नाही, तरी बेंबीच्या वर जळजळतं किंवा अर्ध्या पोळीतच पोट गच्च होतं. डॉक्टर याला फंक्शनल डिस्पेप्सिया म्हणतात. वजन घटत असेल, शौचाला काळं होत असेल, रक्ताची उलटी झाली किंवा घास अडकत असेल, तर गोळ्यांची तुलना करत बसू नका, आधी डॉक्टरांना गाठा.

पहिलं काम एच. पायलोरी या जंतूची श्वासाची किंवा शौचाची तपासणी. त्याआधी पॅन्टोप्राझोलसारख्या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद हवं. नाहीतर जंतू असूनही तपासणी ‘नाही’ सांगते. जंतू निघाला तर साधारण १४ दिवसांचा कोर्स पूर्ण करायचा.

मग मुख्य त्रास कोणता ते ठरवा. जळजळ, दुखणं जास्त असेल तर ओमेप्राझोल २० किंवा पॅन्टोप्राझोल ४० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, नाश्त्याआधी अर्धा तास. जेवणाने जठरातले आम्लाचे पंप सुरू होतात आणि गोळी चालू पंपांनाच धरते, म्हणून रात्री झोपताना घेतलेली गोळी कमी लागू पडते. चार ते आठ आठवडे बघा. डोस दुप्पट करून सहसा जास्त गुण येत नाही.

पोट गच्च होणं, लवकर भरणं हाच त्रास असेल तर जठराची हालचाल सुधारणारं औषध: इटोप्राइड ५० किंवा अकोटियामाइड १०० मिलिग्रॅम, तीन वेळा, जेवणाआधी. डॉम्पेरिडॉनही चालतं, पण कमी दिवस आणि दिवसाला ३० मिलिग्रॅमच्या आत. ते हृदयाची लय बिघडवू शकतं. क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक) किंवा फ्लुकोनॅझोल (बुरशीवरचं औषध) चालू असताना तर नकोच. आपल्याकडे पॅन्टोप्राझोल-डॉम्पेरिडॉनची एकत्र कॅप्सूल ‘पित्ताची गोळी’ म्हणून लोक वर्षानुवर्षं घेतात. ही सवय खरंच मोडायला हवी. याच कामासाठी मिळणाऱ्या लेव्होसल्पिराइडबाबत आणखी जपा: हात थरथरू लागले, चाल मंदावली, पाळी चुकली किंवा स्तनातून दूध आलं, तर डॉक्टरांना लगेच सांगा.

दोन्हींनी भागलं नाही आणि दुखणंच मुख्य असेल, तर डॉक्टर रात्री अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम सुरू करतात. नैराश्यासाठीचा डोस याहून बराच मोठा असतो; इथे ते पोटाच्या नसांची हुळहुळ कमी करायला दिलेलं असतं. तोंड कोरडं पडतं, सकाळी सुस्ती वाटते. गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून चार दिवसांत सोडू नका.

एका वेळी एकच औषध बदला आणि त्रास रोज वहीत दहापैकी किती ते लिहा.