जुन्या धाटणीच्या घरात उठावाचे दिवे लावताना या चुका टाळा

उठावाचे दिवे म्हणजे एखादी वस्तू किंवा भिंत उठून दिसावी म्हणून तिच्यावर रोखलेले दिवे. जुन्या धाटणीच्या घरासाठी दिवे घेताना बहुतेक जण दिव्याचे रूप पाहतात; उजेड कोठून पडणार, हा प्रश्न मात्र मागे राहतो. नक्षीदार पितळी दिवा आणला आणि खोलीचा मुख्य उजेड छतातल्या स्पॉटलाइटमधून सरळ खाली पडत राहिला, तर ती खोली जुनी वाटत नाही. मेणबत्तीचा किंवा तेलाच्या दिव्याचा उजेड बहुधा माणसाच्या उंचीच्या आसपास असे आणि बाजूने येई. कोरीव लाकूडकामातील उंचसखलपणा अशाच तिरप्या उजेडात दिसतो. त्यामुळे छतात ओळीने स्पॉटलाइट बसवणे ही मला सर्वांत महागात पडणारी चूक वाटते, कारण त्यासाठी जुन्या छताला पाडलेली भोके नंतर बुजवली तरी खुणा राहतात. त्याऐवजी जमिनीपासून सुमारे 150 ते 170 सेंटिमीटरवर भिंतीवरचे दिवे लावावेत आणि कोपऱ्यांत टेबललॅम्प ठेवावेत.

दुसरी चूक काळाच्या सरमिसळीची आहे. ज्योत वरच्या दिशेने जळते, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातील गॅसच्या दिव्यांच्या काचा वर तोंड करून असत. विजेचा बल्ब उलटा टांगता येऊ लागला, तेव्हा खाली तोंड असलेले दिवे नवेपणाची खूण ठरले. 1920 आणि 1930 च्या दशकांतील आर्ट डेको शैलीत दुधी काच आणि भौमितिक आकार आले. घर ज्या काळाच्या धाटणीचे आहे, त्या काळी दिवा कशावर जळत होता, एवढे आधी ठरवले तरी निवड पुष्कळ सोपी होते.

पांढराशुभ्र उजेड हा दोष लगेच डोळ्यांत भरतो. उजेड तांबूस आहे की निळसर, हे रंगतापमान सांगते; ते केल्विनमध्ये मोजतात आणि आकडा जितका कमी, तितका उजेड तांबूस. मेणबत्तीच्या उजेडाचे रंगतापमान सुमारे 1900 केल्विन, साध्या तारेच्या बल्बचे 2700 च्या आसपास, तर ‘कूल डे लाइट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बल्बचे बहुधा 6500 केल्विन असते. येथे 2700 किंवा त्याहून कमी केल्विनचा बल्ब घ्यावा. खोक्यावरचा सीआरआयचा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात हे सांगणारा, आकडाही पाहावा. तो 90 किंवा अधिक नसेल, तर सागवान आणि लाल गालिचा मळकट दिसण्याची शक्यता असते. तारेचा बल्ब मंद केल्यावर आपोआप तांबूस होतो, पण साधा एलईडी केवळ अंधुक होतो. तो बदल हवा असल्यास ‘डिम टू वॉर्म’ प्रकारचा बल्ब मागावा.

भिंतीच्या अगदी जवळून सोडलेला उजेड दगडी भिंतीला शोभतो, मात्र डागडुजी केलेल्या गिलाव्यावर तो प्रत्येक उंचवटा दाखवतो. गिलावा खडबडीत दिसू लागला, तर दिवा भिंतीपासून 60 ते 90 सेंटिमीटर दूर न्यावा. चित्रावर उजेड उभ्या रेषेशी 30 अंशांच्या कोनात पडला, की काचेवरची चकाकी कमी होते. उठावाची जागा भोवतालापेक्षा सुमारे तिप्पट उजळ असावी. सर्वच वस्तूंवर दिवे रोखले, तर कोणतीच उठून दिसत नाही. जुने कापड आणि जलरंगातील चित्रे उजेडाने फिकी पडतात व ती हानी भरून येत नाही, म्हणून संग्रहालये त्यांच्यावर सुमारे 50 लक्सच (लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे माप) उजेड ठेवतात.

मंद करताना दिवा लुकलुकत किंवा गुणगुणत असेल, तर डिमर, म्हणजे उजेड कमीजास्त करणारे बटण, बहुधा जुन्या बल्बांसाठी बनवलेला असतो. एलईडीसाठीचा, शक्यतो ट्रेलिंग एज (विजेच्या प्रत्येक अर्ध्या लहरीचा शेवटचा भाग कापणाऱ्या) प्रकारचा डिमर बसवून घ्यावा. बंद केल्यावरही बल्ब मिणमिणत राहिला, तर खटक्यातील छोटा निर्देशक दिवा हे त्याचे नेहमीचे कारण असते. बंद काचगोळ्यातील एलईडी वारंवार जात असेल, तर आतील उष्णता त्याच्या ड्रायव्हरला (एलईडीला योग्य वीज पुरवणाऱ्या आतील सर्किटला) सोसत नाही, असे समजून बंदिस्त दिव्यासाठी योग्य असलेला बल्ब लावावा. कापडी किंवा रबरी वेष्टनाची जुनी वायर आढळल्यास मात्र स्वतः काहीही न जोडता इलेक्ट्रिशियनकडून ती बदलून घ्यावी आणि धातूच्या प्रत्येक दिव्याला अर्थिंग आहे का, हे तपासून घ्यावे.