ओम्नी-ईकोच्या इंजिन ऑइलचं झाकण : निगा आणि बदल

मारुतीच्या ओम्नी आणि ईको या दोन्ही व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. त्यामुळे ऑइल भरायच्या तोंडावरचं झाकण जरा जरी सैल झालं, तरी करपलेल्या ऑइलचा वास थेट बसणाऱ्यांच्या नाकात जातो. झाकणातून झिरपलेलं ऑइल तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर) पडलं की सीटखालून धूर येतो आणि पेट घ्यायचीही भीती असते. मुलांची ने-आण करणाऱ्या व्हॅनमध्ये तर हे अजिबात चालवून घेऊ नये.

महिन्यातून एकदा, ऑइलची पातळी बघताना, झाकणही बघा. गाडी सपाट जागी लावून इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा आणि किमान अर्धा तास थांबा. सीट उचलल्यावर लगेच झाकण फिरवू नका. ही जागा खालून उघडी असल्याने रस्त्याची धूळ आणि चिखल झाकणाभोवती साचलेला असतो. झाकण निघालं की तो सरळ आतल्या कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) पडतो. आधी ब्रशने आणि सुती फडक्याने भोवताल पुसून घ्या. धागे सुटणारं कॉटन वेस्ट इथे वापरू नका.

झाकण डावीकडे फिरवून काढा. काही पाव फेऱ्यात निघतात, काहींना पूर्ण आटे असतात. तोंडावर स्वच्छ फडकं झाका आणि झाकण उलटं करून पाहा. काळसर, पातळ ऑइल असेल तर काळजी नाही. पिवळट-पांढरा, सायीसारखा थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी मिसळलंय. मात्र लगेच हेड गॅसकेट (ऑइल आणि कूलंट वेगळं ठेवणारी इंजिनमधली पट्टी) गेलं असं समजू नका. दोन-तीन किलोमीटरच्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत, विशेषतः सीएनजीवर आणि पावसाळ्यात, इंजिन पुरतं तापत नाही आणि आतली वाफ झाकणाला धरते. डिपस्टिकवरचं (ऑइलची पातळी मोजायच्या पट्टीवरचं) ऑइल स्वच्छ असेल आणि कूलंट कमी होत नसेल, तर थर पुसा, गाडी एकदा सलग ३०-४० किलोमीटर पळवा आणि पुन्हा बघा. डिपस्टिकवरही दुधाळ ऑइल असेल किंवा कूलंट घटत असेल तर गाडी चालवू नका, मेकॅनिकला दाखवा.

आता झाकणाच्या आतली रबर रिंग. चांगली रिंग नखाने दाबली की दबते आणि परत उठते. चपटी झालेली, कडक किंवा बारीक चिरा पडलेली रिंग बदलायचीच. दुकानात रिंग सुटी मिळाली तर तेवढीच घाला. पण झाकणाच्या कडेला तडा असेल, आटे किंवा पकडणारे कान झिजले असतील, तर पूर्ण झाकण घ्या. घेताना गाडीचं नुसतं नाव सांगू नका. ओम्नीचं इंजिन ७९६ सीसीचं, ईकोचं आधी ११९६ सीसीचं होतं, आणि २०२२च्या अखेरीपासून ईकोत १.२ लिटरचं नवं के-सिरीज इंजिन आलं. म्हणून वर्ष आणि चॅसिस नंबर सांगा, जुनं झाकण सोबत न्या.

बसवताना तोंडाची कड पुसून घ्या. नव्या रिंगला बोटाने इंजिन ऑइल लावा; कोरडी रिंग फिरवताना पिळली जाते. झाकण हातानेच घट्ट करा. पक्कड लावली की प्लास्टिक तडकतं. गळती थांबत नाही म्हणून सिलिकॉन पेस्ट लावायची सवय फार वाईट: तिचे तुकडे आत पडून सम्पमधल्या (इंजिनच्या तळाच्या ऑइल साठणाऱ्या भांड्यातल्या) जाळीत अडकतात आणि ऑइलचा दाब घटतो.

ऑइल झाकणातूनच गळतंय का, हे आधी नक्की करा. पुष्कळदा टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) गॅसकेट गेलेलं असतं आणि दोष झाकणाला मिळतो. सगळं कोरडं पुसून झाकणाच्या आणि गॅसकेटच्या कडेला टाल्कम पावडर भुरभुरवा, १० किलोमीटर चालवा. पावडर जिथे आधी भिजेल, तिथे गळती.

नवं झाकणही लगेच गळू लागलं तर बहुधा इंजिनच्या आतला दाब वाढलाय. गरम इंजिन आयडलवर ठेवून झाकण मोकळं करा आणि नुसतं तोंडावर टेकवा. बाह्या वर घ्या, ऑइलचे थेंब उडतात. थोडी थरथर ठीक. झाकण उडत असेल आणि सलग धूर येत असेल तर ब्रीदर पाइप आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनमधली वाफ बाहेर काढणारे भाग) साफ करून पुन्हा तपासा. तरीही तसंच, शिवाय सायलेंसरमधून निळा धूर आणि ऑइल खाणं, म्हणजे बहुधा पिस्टन रिंग झिजल्या.

वाटेत झाकण हरवलं तर तोंडात फडकं कोंबू नका. ते आत ओढलं जाऊ शकतं, शिवाय ऑइलने भिजून पेटू शकतं. तोंडाची मान वर आलेली असेल तर आधी डिपस्टिक बघून पातळी खालच्या खुणेच्या वर आणा, मग सायकलच्या ट्यूबचा तुकडा त्यावर ताणून होज क्लिपने आवळा आणि जवळच्या दुकानापर्यंतच हळू जा. मान नसेल तर झाकणच मागवा. नवं बसवल्यावर मॅनिफोल्डच्या आसपास सांडलेलं ऑइल, इंजिन गार असतानाच, पूर्ण पुसून मग सीट लॉक करा.