शटरला तेल घालताना या चुका टाळा

मे महिन्यात वळीव एकदा कोसळून गेला की माझा फोन वाजायला लागतो. "शटर वर जाईना." "मध्येच अडकलंय, गाडी आत आहे, लगेच या." बेळगावात आता घराखाली पार्किंग आणि त्याला लोखंडी रोलिंग शटर, ही पद्धत पडून गेली आहे. वडगाव, अनगोळपासून पार निपाणी-चिकोडीपर्यंत मी शटरं बसवली आणि दुरुस्त केली. गेलो की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "पण मी तेल घातलो होतो की!" खरंच घातलेलं असतं, आणि बहुतेक वेळा बिघाड तिथूनच सुरू झालेला असतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बाजूच्या गाईड चॅनलमध्ये, म्हणजे शटरच्या पट्ट्यांची टोकं ज्या उभ्या खाचेतून सरकतात तिच्यात, ग्रीस भरणं. यावर मी इतक्या घरांत बोललो आहे की आता लिहूनच ठेवतो.

खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला एका घरी गेलो होतो. काका फौजेतून निवृत्त झालेले, प्रत्येक वस्तू जपणारे. पाऊस सुरू व्हायच्या आधी त्यांनी दोन्ही गाईडमध्ये चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस बोटानं दाबून दाबून भरलं. पावसाळाभर शटर लोण्यासारखं चाललं. दसऱ्यानंतर रस्ता वाळला, तांबडी धूळ उडायला लागली आणि ती सगळी त्या ग्रीसवर बसली. दिवाळीपर्यंत शटर जड झालं. काकांनी आणखी ग्रीस घातलं. मग एका सकाळी मुलानं आणि त्याच्या मित्रानं एका बाजूनं पहार लावून उचललं. डावी बाजू वर गेली, उजवी तिथंच राहिली. पट्ट्या तिरक्या झाल्या, टोकाच्या क्लिपा तुटल्या आणि तीन पट्ट्या गाईडमधून बाहेर येऊन वाकल्या.

मी पत्र्याच्या तुकड्यानं गाईड खरवडलं. निघालेला माल बोटांत चोळून काकांना दाखवला. बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, ज्यानं इंजिनाचे व्हॉल्व्ह घासून बसवले आहेत, त्याला हे बोटाला लगेच कळेल: ती ग्राइंडिंग पेस्ट होती. तेलकट पदार्थात बारीक खर मिसळली की लोखंड घासायचं साहित्य तयार होतं, कारखान्यात ते विकत आणतात. काकांच्या गाईडमध्ये ती पाच महिने चालत होती. आतला जस्ताचा थर उडून गेला होता आणि खालच्या हातभर भागात गंज धरला होता.

"काका, ग्रीस कुणी सांगितलं?"

"चाकाला लावतात, म्हटलं इथं पण चालेल."

चाकाचं बेअरिंग सीलबंद असतं, धूळ आत जात नाही. गाईड रस्त्याकडे तोंड करून उघडं असतं. फरक एवढाच, पण सगळं त्यावरच आहे.

म्हणून गाईडला आधी साफसफाई, नंतर बाकीचं. मी जुन्या रंगाच्या ब्रशनं वरून खाली धूळ काढतो, चिकटलेलं असेल तर रॉकेलच्या फडक्यानं पुसतो, आणि कोरडं झाल्यावर आतल्या दोन्ही बाजूंना साधी पांढरी मेणबत्ती घासतो. मेणावर धूळ धरत नाही, पट्टी सरकते. सिलिकॉन स्प्रे मिळाला तर तोही चांगला, फक्त मारून झाल्यावर जास्तीचा पुसून घ्या. माझी सवय मेणबत्तीची आहे आणि माझ्या स्वतःच्या घरच्या शटरला दुसरं काही लागलेलं नाही.

दुसरी चूक जिवावरची आहे. शटर जड लागतंय म्हणून स्प्रिंग स्वतः आवळायला जाऊ नका.

वरच्या हूडमध्ये, म्हणजे शटर गुंडाळून बसतं त्या पेटीत, एक आडवा पाईप असतो, त्यावर डबे आणि डब्यांत गुंडाळलेल्या पट्टीच्या स्प्रिंगा. शटर खाली येताना त्या आवळतात, वर नेताना तोच ताण तुम्हाला मदत करतो. शटर बंद असतं तेव्हा स्प्रिंगांत सगळ्यात जास्त जोर भरलेला असतो, आणि तो पाईप ब्रॅकेटवर फक्त क्लॅम्पच्या नटबोल्टनं धरलेला असतो. अनगोळमध्ये एका तरुणानं व्हिडिओ बघितला, शिडी लावली, आणि पाईप पान्यानं पाईप न धरताच क्लॅम्प ढिला केला. पाईप गरकन उलटा फिरला, वर अडकवून ठेवलेला पाना त्याच्यासोबत फिरला आणि मनगटावर बसला. हाड मोडलं. चेहरा बाजूला होता म्हणून डोळा वाचला. मी पोहोचलो तेव्हा त्याची आई पायरीवर बसून रडत होती, आणि शटर तर जड नव्हतंच! खालच्या पट्टीत दगडाचा तुकडा अडकला होता.

व्हिडिओत दहा मिनिटांचं काम दिसतं. ते करणारा माणूस आधी काही वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली पाना धरून उभा राहिलेला असतो, ते दिसत नाही. माझ्याकडे शिकायला येणारी पोरं पहिल्याच आठवड्यात स्प्रिंगला हात घालू बघतात. मी त्यांना वर्षभर गाईड पुसायला लावतो. त्यातली काही रागावून निघून जातात, तरी मी हे बदलणार नाही.

तुम्ही एवढंच तपासा: शटर कमरेपर्यंत उचला आणि हात हळूच सैल करा, पूर्ण सोडू नका. जागेवर थांबलं किंवा जरासं सरकलं तर ठीक. धाडकन खाली यायला लागलं तर स्प्रिंग ढिली किंवा तुटलेली. आपोआप वर पळायला लागलं तर जास्त आवळलेली. दोन्हींत माणूस बोलवा.

आता बाकीच्या चुका पटापट.

स्वयंपाकघरातलं तेल नको. शेंगतेल हवा लागून चिकट होतं, आणि खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे थंडी त्याच्या कितीतरी खाली जाते. गॅरेजमधून फुकट आणलेलं जळकं ऑईल तर अजिबात नको, त्यात इंजिनाची काजळी आणि धातूचा चुरा असतो, शिवाय पोरांच्या शाळेच्या कपड्यांना लागलं की निघत नाही.

डब्ल्यूडी-४० या स्प्रेबद्दल लोक भांडतात, म्हणून स्पष्ट सांगतो. १९५३ साली अमेरिकेत ते गंज रोखायला, पाणी हटवायला बनवलं. ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नात जमलेलं मिश्रण. गंजलेला बोल्ट सोडवायला माझ्याही पेटीत असतं. पण त्याचा थर पातळ, रोज फिरणाऱ्या भागावर टिकत नाही. ते मारून गंज सोडवा, पुसा, मग पट्ट्यांच्या सांध्यांत शिलाई मशीनच्या तेलाचे थेंब सोडा. शटर पाच-सहा वेळा वर-खाली करा आणि बाहेर आलेलं तेल फडक्यानं टिपून घ्या. ग्रीसची जागा एकच, वरची बेअरिंग, आणि तीही बोटाच्या टोकाएवढी. तिथं हात न लावलेलाच बरा, मेकॅनिक आल्यावर त्याच्याकडून करून घ्या.

कुलपात तेल घालू नका. पेन्सिलीचं शिसं किसून पूड किल्लीला लावा आणि चार वेळा फिरवा.

गणपतीच्या आधी रंग देता, द्या. पण गाईडच्या आत ब्रश घालू नका आणि रंग पूर्ण वाळायच्या आत शटर गुंडाळू नका. पट्ट्या एकमेकींना चिकटतात. खंडेनवमीला पाईप लावून शटर धुतलंत तर त्याच दिवशी पुसून तेल द्या.

पायानं ढकलून खाली आणू नका, आकडी कशाला दिली आहे? ती मधोमध लावा.

हूडजवळ स्प्रे मारायच्या आधी टॉर्चनं बघा. गांधीलमाश्यांचं पोळं असलं आणि तुम्ही शिडीवर असलात, तर पडून मोडाल.

मोटरचं शटर असेल तर आधी मेन स्विच बंद, आणि मोटरमध्ये तेल घालायचं नाही.

किती वेळा, हे गावावर आहे. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पाऊस दांडगा, तिथं शत्रू गंज. मेअखेर एकदा आणि पाऊस ओसरला की लगेच एकदा, खालची पट्टी आणि उंबऱ्यालगतची भोकं उघडून बघा. अथणी, रायबागकडे काळी धूळ आणि ऊस तुटल्यावर जाळलेल्या पाचटाची राख. तिथं हंगामभर महिन्यातून एकदा नुसता ब्रश फिरवा, तेल कमी लागतं. बेळगाव शहरात मी वर्षातून तीनदा सांगतो.

एवढं करूनही वरून खरखर किंवा कट्कट् आवाज येत असेल तर शटर वापरणं थांबवा. बंद असेल तर बंदच राहू द्या. अर्धं उघडं अडकलं असेल तर दोन्ही बाजूंना भक्कम लाकडी ठोकळे लावा, आणि दुरुस्ती होईपर्यंत त्याच्या खालून पोरांना वाकून ये-जा करू देऊ नका.