यूकेत नवीन आलात? आधी मॅनेजरचं 'माइट वाँट टू' ओळखायला शिका

बँक अकाउंट, सिम, बसचा पास हे सगळं कुणीही सांगेल, मी एकाच गोष्टीवर लिहितोय कारण दरवर्षी इथे येणारी चांगली हुशार पोरं तिथेच अडकतात. 'हे करावंच लागेल' हे इंग्रज माणूस कुठल्या शब्दात सांगतो, ते.

छापील कागदाचं सोपं असतं. हायवे कोडमध्ये, म्हणजे रस्त्याच्या नियमांच्या सरकारी पुस्तकात, मस्ट आणि मस्ट नॉट ठळक मोठ्या अक्षरात दिसलं की त्यामागे कायदा आहे, उदाहरणार्थ सीटबेल्ट. शुड म्हणजे सल्ला, जसं पुढच्या गाडीपासून किमान दोन सेकंदांचं अंतर. पण आपले काही जुने लोक 'शुडच आहे, सोड रे' म्हणतात ना, त्यांचं अजिबात ऐकू नका, अपघात झाला तर १९८८ च्या रोड ट्रॅफिक ॲक्टप्रमाणे तोच शुड कोर्टात तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून येऊ शकतो.

डोन्ट हॅव टू म्हणजे गरज नाही, मस्टन्ट म्हणजे करायचंच नाही. इंग्लंडमध्ये जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा लागत नाही, तिथे उगाच भाडेकराराची वाट बघत बसू नका. व्हिसाच्या अटीत मस्ट नॉट असेल तर मात्र विषय संपला.

आता ऑफिस. इथे मॅनेजर मस्ट जवळपास वापरतच नाही. 'यू माइट वाँट टू हॅव अनदर लुक ॲट दिस' अशी मेल आली की हातातलं काम ठेवा आणि आधी ते करा! माझ्या ओळखीतल्या एका मुलाला अशा मेल येत राहिल्या, त्याला वाटलं सुचवलंय, वेळ मिळाला की बघू, आणि शेवटी प्रोबेशन वाढवल्याचं पत्र हातात पडलं. काम उत्तम करायचा तो, म्हणून जास्त वाईट वाटतं. माइट वाँट टू, कुड पर्हॅप्स, इट वुड बी गुड इफ, हे तिन्ही वरून आले की हुकूम समजा.

आणि आपण नेमकं उलटं करतो, सहकाऱ्याला सरळ 'यू मस्ट सेंड द फाइल टुडे' लिहितो, मनात काही नसतं पण त्याला दरडावल्यासारखं वाटतं आणि तो आठवडाभर तुटक बोलतो. 'कुड यू सेंड इट बाय फोर?' लिहा, फाइल येते.

शेजारीण 'यू मस्ट कम राउंड फॉर डिनर' म्हणाली तर थँक्यू म्हणा आणि तारीख ठरेपर्यंत जाऊ नका.