घरी कार लिफ्ट बसवताय? सोलापुरात हमखास होणाऱ्या या चुका टाळा

माझी लिफ्ट पहिलं सव्वा वर्ष गॅरेजच्या भिंतीला आडवी पडून होती, अंगावर जुनी सोलापुरी चादर घेऊन. दोन खांब, चार हात, मोटर, ऑईलची टाकी, सगळं ट्रकमधून उतरलं. चार माणसं लावून पहिला खांब उभा करायला घेतला आणि तो वरच्या बीमला टेकला. खांबाची उंची साडेतीन मीटरच्या वर आणि माझं स्लॅब दहा फुटांवर, म्हणजे ३.०५ मीटर. पुस्तिकेत उंची पहिल्याच पानावर छापली होती. मी मात्र ४ टनांचा आकडा बघून पैसे भरून मोकळा झालो होतो.

त्यानंतर मी परसात पत्र्याची उंच शेड मारली आणि लिफ्ट एकदाची उभी राहिली. तेव्हापासून हौशी मंडळी विचारायला येतात. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: किती टनांची घेऊ? हा प्रश्न शेवटी विचारायचा. स्विफ्ट भरते नऊ-साडेनऊ क्विंटल, इनोव्हा क्रिस्टा साधारण १.८ टन, फॉर्च्युनर दोन टनांच्या थोडी वर. बाजारातली साधी टू-पोस्ट (दोन खांबांची) लिफ्ट साडेतीन-चार टनांची असते, म्हणजे आपल्या घरात येणारी कुठलीही गाडी ती उचलते. एक लक्षात ठेवा, चार टन हे चार हातांवर वाटलेले असतात, एका हाताला एकच टन. डिझेल एसयूव्हीचं नाक जड असतं, म्हणून थोडी जास्त ताकद हाताशी असू द्या. टनांचं प्रकरण इथं संपलं.

छत मोजताना बीम मोजा

स्लॅब दहा फूट असला तरी गाडीच्या टपाला आधी भेटतो तो बीम. बीम पंधरा इंच खाली उतरला असेल तर हातात उरतात २.६७ मीटर. स्विफ्टची उंची १.५३ मीटर आणि पोट जमिनीपासून साधारण १७ सेंटिमीटर वर, म्हणजे पोटापासून टपापर्यंत १.३६. वर दहा सेंटिमीटर मोकळे ठेवले तर गाडीचं पोट जेमतेम १.२ मीटरवर जातं. चार फूट. तिथं तुम्ही उभे राहणार नाही, स्टुलावर बसून काम करणार.

साडेपाच-पावणेसहा फुटांच्या माणसाला ताठ उभं राहायचं तर पोट १.७५ मीटरवर हवं. मग हॅचबॅकला साडेदहा फूट मोकळी उंची लागते, मोठ्या एसयूव्हीला सव्वाअकरा. ही गणितं बॉनेट बंद धरून आहेत. वर नेलेल्या गाडीचं बॉनेट उघडायला गेलात तर ट्यूबलाइटचं काय होतं ते मी दोनदा पाहिलंय. पंखा, ट्यूब, रोलिंग शटरचा वरचा ड्रम, सगळ्याची मापं घ्या. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये आठ-साडेआठ फुटांखाली लिफ्टचा विचारच सोडा.

रुंदी तर कोणी मोजतच नाही. टू-पोस्टची बाहेरून बाहेर रुंदी ३.३ ते ३.५ मीटर भरते. दहा फुटी गॅरेजात ती मावत नाही. शिवाय गाडी आत घेतल्यावर दार उघडून उतरायचंही असतं.

जमीन: सोलापूरकरांची सगळ्यात महाग चूक

इथं जरा थांबतो, कारण इतर शहरांसाठी लिहिलेले सल्ले इथंच कमी पडतात. आपल्याकडे घरं काळ्या मातीवर उभी आहेत. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा देते. घराचा पाया खाली मुरमापर्यंत नेलेला असतो, पण गॅरेजच्या जमिनीचं तसं नसतं. मातीवर थोडी भर, वर पातळ पीसीसी (बिनसळईचं साधं काँक्रीट) आणि त्यावर शहाबादी फरशी किंवा कोबा. गाडी उभी करायला तेवढं पुरतं.

लिफ्टला का पुरत नाही? गाडी खांबाच्या डोक्यावर नसते, ती हातांवर खांबापासून आत लटकलेली असते. त्यामुळे खांब आतल्या बाजूला कलायला बघतो. खांबाखालच्या बेस प्लेटची आतली कड जमिनीत दाबली जाते आणि तिला जमिनीत धरून ठेवणारे बाहेरचे अँकर बोल्ट उपटले जायला बघतात. फरशीखाली पोकळ असेल तर बोल्ट धरतो फक्त फरशीला, आणि शहाबादी फरशी अशा ओढीला टिकत नाही.

विजापूर रोडकडच्या एका ओळखीच्यांनी उन्हाळ्यात लिफ्ट बसवली. अगदी ओळंब्यात. ऑगस्टमध्ये बघायला गेलो तर एका खांबाचं डोकं बोटभर आत आलेलं. कारण शोधायला वेळ लागला नाही. गच्चीच्या पाण्याचा पाइप नेमका त्याच कोपऱ्यात सोडलेला होता. तिथली माती फुगली, दुसऱ्या खांबाखालची तशीच राहिली. लिफ्ट विकणाऱ्याने जमीन पाहिलीही नव्हती. त्याचा माणूस आला, ड्रिल मारलं, बोल्ट आवळले आणि गेला.

पूर्व भागातल्या मित्राचा किस्सा उलटा. त्याची शेड पूर्वी मागांची. "इथं दहा माग धडधडत होते, ह्या जमिनीला काय होतंय ओ?" असं त्याचं म्हणणं. आम्ही कोपऱ्यात एक भोक पाडून पाहिलं. मागाखाली चांगलं काँक्रीट होतं, आणि तिथून हातभर अंतरावर नुसता कोबा, खाली मुरूम. एक खांब दगडावर आणि दुसरा पापडावर बसला असता.

म्हणून पैसे भरण्याआधी खांब येणार त्या दोन्ही जागी चाचणीचं भोक पाडा. ड्रिलचा बिट कुठे सटकन आत जातो ते बघा, तिथं काँक्रीट संपलं. भुकटी राखाडी यायची थांबून लाल-पिवळी आली की मुरूम, काळी आली की कपाळावर हात. फरशीवर हातोडीने ठोकून बद्द आवाज येतो का तेही ऐका.

नव्याने करायचं तर मी असं करतो: दोन्ही खांबांना कवेत घेणारी एकच पट्टी खणायची, दोन सुटे चौथरे नकोत. काळी माती मुरूम लागेपर्यंत काढायची. मुरूम फार खोल असेल तर इंजिनिअरला बोलवा, तिथं अंदाज नको. भर घालायची ती मुरमाची, सहा-सहा इंचांच्या थरात, पाणी मारून, धुम्मस करून. वर सळईची जाळी आणि किमान सहा इंच एम२५ (ही काँक्रीटच्या ताकदीची ग्रेड) काँक्रीट. लिफ्टच्या पुस्तिकेत जास्त जाडी मागितली असेल तर तिचं ऐका. पाइपचं पाणी दुसरीकडे वळवा.

मग २८ दिवस थांबा. गवंडी म्हणेल आठ दिवसांत बोल्ट मारा, काही होत नाही. त्याचं पुढचं काम अडलेलं असतं, तुमची गाडी वर टांगलेली असणार आहे. आपल्या उन्हाळ्यात काँक्रीट ओतायचं तर संध्याकाळी ओता, वर गोणपाट टाका आणि ते ओलं ठेवा. नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे टँकरचा हिशेब आधीच धरा. शक्य असेल तर हे काम दिवाळीनंतर काढा.

भोक पाडल्यावर आतली धूळ फुंकून काढणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात विसरलं जाणारं काम. भुकटीत ठोकलेला अँकर गोल फिरतो, आवळला जात नाही. बोल्ट टॉर्क पान्याने आवळा आणि आठवडाभर वापर झाल्यावर पुन्हा तपासा. आणखी एक: गाडी धुण्यासाठी गॅरेजला गेटकडे उतार दिलेला असतो. खांबाखाली लोखंडी पट्ट्या घालून तो थोडाफारच सावरता येतो, म्हणून नवी पट्टी ओततानाच सपाट ठेवा.

कोणती घ्यायची

चाकं, ब्रेक, सस्पेन्शन, क्लच ही कामं करायची असतील आणि उंची, रुंदी, जमीन तिन्ही असेल तर टू-पोस्ट. खालून पूर्ण मोकळी जागा मिळते.

एकावर एक दोन गाड्या ठेवायच्या असतील तर फोर-पोस्ट. गाडी दोन लांब पट्ट्यांवर चाकांवरच उभी राहते, वजन चार खांबांवर सरळ खाली जातं, त्यामुळे जमिनीचे लाड कमी. पण चाकं मोकळी होत नाहीत, त्यासाठी मधला जॅक वेगळा घ्यावा लागतो. टायरखालच्या पट्ट्यांची जाडी आणि चाकांची उंची दोन्ही वर जातात, म्हणून छत टू-पोस्टपेक्षाही उंच लागतं.

दहा फुटी स्लॅबवाल्यांना मी मिड-राइज सिझर (कात्रीसारखी उघडणारी, अर्ध्या उंचीची) लिफ्ट सांगतो. साधारण मीटरभर उचलते, स्टुलावर बसून ब्रेक-टायरचं काम निवांत होतं. गाडीच्या मध्यभागी खालून ती आडवी येते, त्यामुळे गिअरबॉक्स काढायचा असेल तर उपयोग नाही. ती जमिनीत खड्डा करून सपाट बसवायचा मोह टाळा, पहिल्याच मोठ्या पावसात खड्डा भरतो.

आणि वर्षातून चारदा ऑईल बदलणार असाल तर लिफ्ट घेऊच नका. चांगला ट्रॉली जॅक आणि दोन जोड्या घोड्या (गाडीखाली लावायचे स्टँड) पुरतात.

वीज

घरगुती लिफ्टची मोटर बहुधा २.२ किलोवॅटची, म्हणजे तीन एचपी. सिंगल फेजवर ती तेरा-पंधरा अँपिअर खाते आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. एक्स्टेन्शन बोर्डावर लावाल तर वायर गरम होईल आणि मोटर नुसती गुणगुणेल. मीटरपासून वेगळी लाइन, ४ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, सी प्रकारचा एमसीबी (मोटर सुरू होतानाचा झटका सोसणारा सुरक्षा स्विच) आणि नीट अर्थिंग. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होतो, त्यात अधूनमधून पाणी घाला. मंजूर भार कमी असेल तर महावितरणकडे वाढवून घ्या.

व्होल्टेज मे महिन्यात रात्री नऊला मोजा, गल्लीतले सगळे एसी-कूलर चालू असताना. सकाळी सातचा आकडा काही सांगत नाही.

गाडी उचलताना

स्कॉर्पिओ, बोलेरो, थार, फॉर्च्युनर यांना खाली चॅसिस आहे, तिथं उचला. स्विफ्ट, क्रेटासारख्या गाड्यांना दाराच्या उंबऱ्याखाली खुणा केलेले पॉइंट असतात, त्यांच्या बाहेर पॅड गेला तर पत्रा आत जातो. चाकं जमिनीपासून वीतभर सुटली की थांबा, बंपर धरून गाडी हलवून बघा, मगच पुढे. हवी ती उंची आली की लिफ्ट खाली सोडून दोन्ही खांबांच्या कुलपांवर (वजन पेलणाऱ्या लोखंडी खटक्यांवर) बसवा. नुसत्या ऑईलच्या दाबावर उभ्या गाडीखाली जायचं नाही, दोन मिनिटांचं काम असलं तरी नाही.

काही बिघडलं तर

मोटर फिरते पण गाडी हलत नाही: थ्री-फेज असेल आणि नुकतंच खांबावर लाइनचं काम झालं असेल तर फेज उलटे झाले असतील, मोटर उलटी फिरते. इलेक्ट्रिशियनकडून दोन फेज अदलाबदल करून घ्या. सिंगल फेज असेल तर टाकीतलं ऑईल बघा, मग खाली सोडायच्या व्हॉल्व्हमध्ये अडकलेली घाण.

मोटर गुणगुणते, फिरत नाही: व्होल्टेज कमी किंवा कपॅसिटर गेला. बटण दाबून धरू नका, वाइंडिंग जळेल.

एक बाजू वर, एक खाली: दोन खांबांना बांधणाऱ्या वायर रोपचा ताण बिघडलाय. गाडी न ठेवता तो जुळवा.

उतरताना धक्के: सिलिंडरमध्ये हवा. रिकामी लिफ्ट दोन-चारदा वर-खाली करा.

आपोआप हळूहळू खाली येते: व्हॉल्व्हमध्ये कचरा किंवा सील गेलं. आपल्याकडची धूळ बघता टाकीचं झाकण घट्ट ठेवा. टॉपअपला हायड्रॉलिक ऑईलच घाला, आपल्या उष्णतेला बहुधा ४६ ग्रेड चालतं. उरलेलं ब्रेक ऑईल घालणारे महाभाग मी पाहिलेत, त्याने रबरी सील फुगून जातात.

उतरताना एका बाजूचं कुलूप अडकलं: ही खरी भीतीची गोष्ट. दुसरी बाजू खाली येत राहते आणि गाडी कलते. लगेच बटण सोडा, पुन्हा थोडं वर घ्या, कुलूप मोकळं झालंय का ते डोळ्यांनी बघा. उतरवताना नजर मोबाइलवर नको, दोन्ही खांबांवर हवी.

जुनी लिफ्ट घेताना

बंद पडलेल्या वर्कशॉपमधून पुण्याकडून जुन्या लिफ्ट येतात. क्षमतेची पाटी उखडलेली असेल तर सोडून द्या. वायर रोपचे तुटलेले तंतू, वाकलेले हात, वेल्डिंग केलेल्या खुणा आणि आतले झिजलेले नायलॉनचे ठोकळे बघा. नव्यावर ‘सीई’चा (युरोपीय सुरक्षा नियम पाळल्याचा) स्टिकर असतो, तो कोणीही छापतो. युरोपातलं वाहन-लिफ्टचं मानक ईएन १४९३ आहे, त्याचं प्रमाणपत्र त्याच मॉडेल क्रमांकाचं मागा.

शेवटची एक चूक माझीच. कुलपांवर बसलेली लिफ्ट उतरवायची तर आधी ती किंचित वर घ्यावी लागते, तेव्हाच कुलूप सुटतं. वर घ्यायला मोटर लागते आणि मोटरला वीज. जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) वेळी, अक्षता सोहळ्याच्या सकाळी ब्रेक पॅड बदलायला गाडी वर घेतली आणि वीज गेली. सासूबाई नवं लुगडं नेसून ओसरीत बसलेल्या, गाडी डोक्याच्या वर. शेवटी रिक्षाने गेलो. पुढच्याच महिन्यात पॉवर पॅकला (मोटर, पंप आणि टाकीच्या संचाला) हातपंप बसवून घेतला. ऑर्डर देतानाच मागितला असता तर वेगळं फिटिंग करावं लागलं नसतं.