खाणीवर जायच्या आदल्या रात्री

दिवाळी झाली की खनिजांचे नमुने गोळा करायची आमची दगडांची पिशवी माळ्यावरून खाली येते. पावसाळ्यात दगडखाणीत पाणी साचलेलं असतं, कडा सुटलेल्या असतात. तेव्हा जायचंच नाही. दिवाळी ते शिमगा हे दिवस आपले. पावसानं ढिगाऱ्यावरची धूळ धुतलेली असते, ऊनही सोसवतं.

पिशवी भरण्याआधी एक फोन करायचा, खाणमालकाला किंवा मुकादमाला. या म्हणाले तरच जायचं, आणि सुरुंग कधी उडवणार हे त्याच फोनवर विचारून घ्यायचं. आत गेल्यावर उभ्या कड्याखाली थांबायचं नाही; आपल्याला हवं ते बाजूला काढलेल्या ढिगाऱ्यातच मिळतं. लेणी, किल्ले, अभयारण्यं इथून खडाही उचलू नये. लोणारच्या विवरातला तर मुळीच नको. तो दगड आपल्या कपाटात आला की मुका होतो, तिथे असला तर बोलतो.

दुसरी तयारी डोळ्यांची. आपल्या पायाखालचा काळा पाषाण, बेसाल्ट, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. प्रत्येक थराच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या, आणि पुढे गरम पाण्यातून त्यात एकामागून एक खनिजं जमत गेली. म्हणून भरीव, एकसंध दगडाच्या तोंडावर वेळ घालवू नका. दोन थरांच्या मधे कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. त्याच्या लगेच खालचा, भोकाभोकांचा दगड बघा. पहिल्यांदाच जाणार असाल तर आधी एक दिवस सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात घालवा. छायाचित्रात स्टिलबाइट आणि ह्यूलँडाइट ही दोन खनिजं सारखीच वाटतात. समोर ठेवले की स्टिलबाइट मधे आवळलेल्या पेंढीसारखा दिसतो आणि ह्यूलँडाइट शवपेटीच्या आकाराचा, एका अंगाला मोत्याची झाक असलेला. एकदा डोळ्यात बसलं की विसरत नाही.

आता पिशवी. चष्मा सगळ्यात आधी, साधा नव्हे, बाजूनं झाकलेला. बेसाल्टची कपची काचेसारखी उडते. धुळीसाठी चांगला मास्क, जाड हातमोजे, टाचेला घट्ट बसणारे बूट. चार पौंडी हातोडा आणि दोन छिन्न्या, एक रुंद, एक टोकदार. दहापट मोठं दाखवणारं भिंग दोरी लावून गळ्यात घालायचं, पिशवीत ठेवलं की ते वापरलं जात नाही. जुनी वर्तमानपत्रं, अंड्यांचे रिकामे ट्रे, झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे आणि थोडी शाडू माती. कापूस मात्र नको. सुईसारख्या स्फटिकांत त्याचे तंतू अडकतात आणि काढताना सुया मोडतात. स्कोलेसाइट, मेसोलाइट असे काटेरी नमुने कागदात गुंडाळायचेच नाहीत. खालचा दगड शाडूनं डब्याच्या तळाला चिकटवायचा, म्हणजे वरचे काटे कशालाच लागत नाहीत. माणशी दोन लिटर पाणी, टोपी, प्रथमोपचाराची पेटी, हे सांगायला नकोच.

यापुढचं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, आणि बहुतेकांच्या यादीत ते नसतं: वही. दगडाची अर्धी ओळख तो जिथे सापडला त्या जागेत असते. उचलायच्या आधी जागेवर फोटो काढा, शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा. ते २७ मिलिमीटरचं असतं, आकार आपोआप कळतो. मग गाव, तालुका, खाण, वरून कितवा टप्पा, पोकळीत शेजारी आणखी काय होतं, तारीख. प्रत्येक नोंदीला एक आकडा द्यायचा, आणि तोच नमुन्याच्या मागच्या बाजूला, पांढऱ्या रंगाच्या ठिपक्यावर बारीक पेनानं. सुरुवातीच्या एका फेरीत मी नऊ नमुने एकाच पिशवीत भरून आणले, रात्री आठवून लिहू म्हणून. त्यांतला हिरवट अपोफिलाइट पुण्यातल्या पाषाण भागातल्या टेकडीवरचा की त्याच दिवशी पाहिलेल्या दुसऱ्या खाणीतला, हे मला आजही सांगता येत नाही. इतका सुंदर तुकडा, आणि कुणाला द्यायचा म्हटलं तरी त्याच्याबरोबर देण्यासारखी एक ओळ माझ्याकडे नाही.

घरचं टेबलही आदल्या रात्रीच मांडून ठेवा. स्टीलचा खिळा, काचेचा तुकडा, पांढरं व्हिनेगर, ग्रॅमचा दशांश दाखवणारा वजनकाटा, दोरा, पाण्याचा ग्लास. फ्रीडरिश मोस यांनी १८१२ मध्ये मांडलेली कठीणपणाची मोजपट्टी आजही तशीच चालते: नख साधारण २.५, खिळा आणि काच ५.५ च्या आसपास, गारगोटी ७.

तीन पारदर्शक स्फटिक समोर आहेत असं धरा. खिळा ओढला. एकावर सहज ओरखडा उठला, तो बहुधा कॅल्साइट. खरवडून निघालेल्या पुडीवर व्हिनेगरचा थेंब टाका, भिंगाखाली बारीक बुडबुडे दिसतील. फुटलेला कोपरा बघा. कॅल्साइट कलत्या काडेपेटीसारख्या तुकड्यांत फुटतो. दुसऱ्यावर जोर लावावा लागला. बाजूंवर उभ्या रेघा, वरून पाहिलं तर चौकोन, आणि माथ्यावर मोत्यासारखी चमक. हा अपोफिलाइट. तिसऱ्यावर करडी रेघ उठली. इथेच नवा माणूस फसतो. ओला अंगठा फिरवा. रेघ पुसली गेली तर ती खिळ्याचं लोखंड आहे, ओरखडा नव्हे. सहा बाजू, त्यांवर आडव्या रेघा: गारगोटीचा स्फटिक, क्वार्ट्झ. ओरखड्याची परीक्षा नेहमी तुटक्या तुकड्यावर किंवा मागच्या अंगाला करायची, चांगल्या टोकावर कधीही नाही.

तरी शंका राहिली तर वजन करा. आधी कोरड्या तुकड्याचं. मग पाण्याचा ग्लास काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा आणि दगड दोऱ्यानं पाण्यात धरा, तळाला टेकू न देता. जो आकडा येईल तेवढे घन सेंटिमीटर त्याचं आकारमान. ५३ ग्रॅमचा दगड पाण्यात २० दाखवत असेल तर भागाकार २.६५, म्हणजे क्वार्ट्झ. कॅल्साइट २.७१ च्या आसपास, स्टिलबाइट २.२ च्या जवळ. कस, म्हणजे घासल्यावर उमटणाऱ्या रेघेचा रंग, बघायला टाइलची मागची, बिनचकाकीची बाजू पुरते, पण आपल्या पोकळ्यांतल्या बहुतेक खनिजांचा कस पांढराच येतो.

धुण्याची घाई करू नका. ओकेनाइट कापसाच्या बोंडासारखा दिसतो, त्याला पाणी आणि बोट दोन्ही वर्ज्य. मी एकदा मऊ ब्रशनं नळाखाली धुतला. तंतू भिजल्या लोकरीसारखे एकमेकांना चिकटले आणि परत कधी उभे राहिले नाहीत. लॉमोंटाइट कोरड्या हवेत आपलं पाणी गमावतो आणि भुगा होतो, म्हणून तो आणल्याबरोबर बंद डब्यात. ॲसिड झिओलाइटच्या, म्हणजे स्टिलबाइट, स्कोलेसाइट अशा खनिजांच्या, जवळपासही नको.

विकत घेणार असाल तर भिंग आणि प्रश्न दोन्ही बरोबर न्या. भडक निळा किंवा गुलाबी अकीक बहुधा रंगवलेला असतो. कॅव्हॅन्साइट हे निळं खनिज पहिल्यांदा अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये सापडलं, पण त्याचे जगातले उत्तम निळे गोळे पुण्याजवळच्या आपल्या वाघोलीचे. म्हणूनच ते दुसऱ्या दगडावर डिंकानं चिकटवूनही विकले जातात. गोळ्याच्या बुडाशी चकाकणारी कड दिसते का ते पाहा. कुठल्या खाणीतला, असं विचारा. उत्तर आलं नाही तर पैसे खिशातच राहू द्या.

पिशवीत सगळ्यात वर एक पाकीट ठेवा. मागच्या खेपेला त्या खाणीत जे सापडलं त्याचा छापलेला फोटो, मागे त्याचं नाव मराठीत लिहून, मुकादमासाठी. आमच्या ओळखीच्या एका मुकादमानं तो फोटो क्रशरच्या खोलीत खिळ्याला लावला. पुढच्या वर्षी गेलो तर त्यानं एक फुटकी पोकळी गोणपाटात गुंडाळून ठेवली होती, आणि ती कुठल्या टप्प्यावरून निघाली तिथे स्वतः नेऊन बोट दाखवलं.